अपवाद

बुधवार, १४ ऑगस्ट

सकाळी ऑफिसात गेले तर माझ्या खुर्चीत एक बाई बसलेली. बाई कसली, पोरगीच. तिशीची असेल. पायात पांढरे बूट, नखं छोटी आणि स्वच्छ.

"तुम्ही आर्लिस ना? वेन तुमच्याबद्दल इतकं बोलतात!" असं म्हणाली, आणि उठली मात्र नाही.

मॅलरी तिचं नाव. मिलवॉकीहून आली आहे. नोव्हेंबरपर्यंत प्रचार तीच बघणार.

वेन ऑस्टबीची पत्रं, भाषणं, आभाराच्या चिठ्ठ्या, त्याच्या बायकोच्या वाढदिवसाची कार्डंसुद्धा गेली तीस वर्षं मी लिहिते. आधी त्याच्या विम्याच्या ऑफिसात, मग तो राज्याचा सिनेटर झाला तेव्हापासून इथे. हे या वहीला सांगायची गरज नाही, पण आज लिहावंसं वाटलं.

मॅलरीनं भिंतीवर नवा नकाशा लावला. मतदारसंघ नव्यानं आखलाय. वरची दुधाची गावं गेली आणि खाली शहराकडची नवी घरं आली. तिथे सगळ्या तिशीतल्या आया, दारात दोन-दोन गाड्या. त्या भागावर बोट ठेवून ती म्हणाली, "गर्भपाताच्या कायद्यावरून इथल्या बायका पेटलेल्या आहेत. वेन, ते 'अपवाद नाही' तुम्हाला बुडवणार."

'जीव म्हणजे जीव, त्याला अपवाद नाही.' हे वाक्य माझं आहे. कौंटी बोर्डावर असताना वेन म्हणायचा, तो ज्याच्या त्याच्या घरचा आणि डॉक्टरचा प्रश्न. मग सन दोन हजारला तिकीट हवं झालं, आणि चर्चवाल्यांशिवाय ते मिळेना. एका शनिवारी दुपारी बसून मी त्याचं मत बदलून दिलं. इतक्या सफाईनं, की पुढे त्यालाही आठवेना आपलं कधी वेगळं मत होतं.

म्हणजे पलटी मारायला माझी ना नाही. पण मला सांगायचं होतं ना. मी मारून दिली असती.

गुरुवार, २२ ऑगस्ट

नवीन मत आलं. बारा आठवड्यांपर्यंत बाईचा निर्णय, पुढे आईच्या जिवाला धोका असेल किंवा बाळ जगणारच नसेल तर डॉक्टरचा. वेननं ते आरशासमोर चारदा म्हणून पाहिलं. पाचव्या वेळी ते त्याचंच झालं. ही त्याची देणगी आहे. खोटं तो कधीच बोलत नाही. आधी विश्वास ठेवतो, मग बोलतो.

मी म्हटलं, "दुसऱ्या वाक्यातला 'परंतु' काढ. 'परंतु' म्हटलं की लोक सावध होतात."

"आर्लिस म्हणजे आमची जुनी जाणती," तो मॅलरीला म्हणाला.

जुनी.

मग मॅलरी म्हणाली, "मत बदललं एवढं पुरत नाही. का बदललं ते दिसलं पाहिजे. एक चेहरा हवा. जिच्यावर हे गुदरलंय अशी बाई."

मी वेनकडे पाहिलं. त्यानं पाहिलं नाही, आणि ते बरोबरच आहे. परक्या पोरीसमोर तो कसा बघणार? शहाण्णव साली माझा नवरा लाइल सरोवरात लोखंडाची खनिजं वाहणाऱ्या बोटीवर होता. मला विसावा आठवडा लागला होता, आणि इथल्या डॉक्टरनं सांगितलं की बाळाची कवटीच तयार झालेली नाही, जन्मलं तर तासभरही जगणार नाही. तेव्हा मला मॅडिसनला कोणी नेलं? वेननं. गाडीत तो म्हणाला होता, "आर्लिस, तुझ्याइतकी धीराची बाई मी पाहिली नाही." लाइलला मी कळवलं, बाळ पोटातच गेलं. खरं काय ते वेनला माहीत आणि मला. चोवीस वर्षं 'अपवाद नाही' लिहिताना प्रत्येक वेळी मला वाटायचं, हे आम्हा दोघांनाच कळतंय.

आता तो विचारेल. उद्या केस कापून येते.

मंगळवार, २७ ऑगस्ट

चेहरा मिळाला. टेरिन. अठ्ठावीस वर्षांची, प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, नवरा दुधाचा टँकर चालवतो. मॅलरीला ती कुठल्याशा सभेत भेटली. दोन वर्षांपूर्वी एकोणिसाव्या आठवड्यात तिच्या बाळाचंही तेच निघालं. माझ्या बाळाचं होतं ते, अगदी शब्दन्‌शब्द तेच. तेव्हा गर्भपातबंदीचा जुना कायदा परत लागू झाला होता, इथल्या डॉक्टरांनी हात वर केले, आणि नवऱ्यानं तिला राज्याबाहेर मिनियापोलिसला नेलं.

वेन तिचं ऐकताना पुढे झुकून बसला होता. डोळ्यात पाणी. तिनं बाळाचं नाव ठेवलं होतं, थिओ. फोनमध्ये पावलांच्या ठशाचा फोटोही आहे. आमच्या वेळी असलं कोणी काही देत नव्हतं.

मला तिचं वाईट वाटलं. वाटलंच. पण मनात येतं, दोन वर्षं म्हणजे काय? मी अठ्ठावीस वर्षं गप्प बसून दाखवलंय.

केस उगीच कापले. मागून आखूड झालेत.

बुधवार, ४ सप्टेंबर

टेरिनची तयारी माझ्याकडून करून घ्यायची असं मॅलरीनं फर्मावलं. ऑफिसात गर्दी, म्हणून ती माझ्या घरी आली. स्वयंपाकघरात बसलो. ती बोलते छान, फक्त नाक ओढते. मी ते थांबवायला सांगितलं. नंतर वाटलं, ओढू द्यायला हवं होतं.

लाइल शेडमधून टोमॅटो घेऊन आला. शेजाऱ्यांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करत बसतो तो, वर्षात माझ्याशी शंभर वाक्यं बोलत असेल. तर हा माणूस हात धुऊन टेरिनसमोर बसला आणि म्हणाला, "बाळाचं नाव कोणी ठेवलं? तू की त्यानं?"

"त्यानं," ती म्हणाली. "गाडी चालवताना. रडत होता आणि नावं सांगत होता."

लाइल बराच वेळ टोमॅटो फिरवत राहिला. मग म्हणाला, "चांगला माणूस आहे." आणि गेला. जाताना टोपलीभर टोमॅटो तिला दिले. मी सॉससाठी ठेवले होते ते.

ती निघताना दारात थांबली. "मिसेस थोर्सन, एक सांगू? मॅलरीला नाही सांगितलं. अठराव्या वर्षी माझं एकदा... तेव्हा बाळाला काही झालं नव्हतं. मलाच नको होतं. डुलूथला गेले होते. नवऱ्याला माहीत आहे, आणि माझ्या मावसबहिणीला, शॉनाला. सासूला कळलं तर संपलंच. ते कुणी काढणार नाही ना?"

"कोण काढणार?" मी म्हटलं.

"तुम्हाला सांगून बरं वाटलं. तुम्ही तशा वाटता." तिनं मला मिठी मारली. अंगाला शाळेच्या रश्श्याचा वास.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

जाहिरात टेरिनच्या घराच्या पायऱ्यांवर काढली. मी नाक पुसायला कागदी रुमाल धरून उभी. शेवटी वेन तिच्या शेजारी येऊन बसतो, खांद्यावर हात ठेवतो आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, "मी ऐकलं. मी शिकलो." ही वाक्यं मॅलरीची. दोन-दोन शब्दांची. असली तर कुणीही लिहील.

कॅमेरा बंद झाल्यावर त्यानं टेरिनचा हात हातात घेतला. म्हणाला, "तुझ्याइतकी धीराची बाई मी पाहिली नाही."

माझ्या हातातले कागदी रुमाल खाली पडले. वाऱ्यानं अंगणभर झाले. मी आणि तिचा नवरा ते वेचत होतो.

शनिवार, २१ सप्टेंबर

जाहिरात गाजते आहे. काल 'लेकव्ह्यू'त मासे खायला गेलो तर बारवरचा टीव्ही लागलेला. सगळे जेवायचे थांबले. पलीकडच्या टेबलावरची बाई रडत म्हणाली, "बिच्चारी. आणि ऑस्टबीला मानलं बाई, चूक कबूल करायला छाती लागते."

लाइलनं ब्रँडीचा ग्लास उलटा ठेवला आणि म्हणाला, "छाती!"

आज चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत बॉनी भेटली. कौंटीचं गर्भपातविरोधी जीवरक्षण मंडळ तीच चालवते. चोवीस वर्षं वेनसाठी दारोदार फिरली, आता त्याचं नाव काढलं की थुंकते. माझ्यावर मात्र तिचा राग नाही. कोटांचे हँगर लावता लावता म्हणाली, "कानामागून आली आणि तिखट झाली ती पोरगी. आहे तरी कोण? देवी असल्यासारखं दाखवतायत."

मी म्हटलं, "देवी वगैरे काही नाही. पहिली खेप नव्हती तिची."

निसटलं तोंडातून. खरंच निसटलं. दिवसभर उभी होते, पाय दुखत होते, आणि बॉनी विचारतच राहिली. कधी, कुठे, बाळ धड होतं का. अर्धवट सांगितलं असतं तर लोकांनी भलतंच काहीतरी जोडलं असतं, म्हणून नीट सांगितलं. डुलूथ, अठरावं वर्ष. मावसबहिणीलाही माहीत आहे, एवढं.

बॉनी तशी पोटात ठेवणारी आहे.

सोमवार, ३० सप्टेंबर

पत्रकं निघाली. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांच्या काचांवर. वर टेरिनचा फोटो, खाली 'एकदा सोय म्हणून, एकदा मतांसाठी'. रेडिओवरचा तो सकाळचा दाढीवाला तासभर तेच चघळत होता. टेरिनच्या सासूनं रेडिओवर ऐकलं.

दुपारी बैठक झाली. मॅलरी पांढरीफटक. "मला का नाही सांगितलं तिनं? मी विचारलं होतं!"

वेन खिडकीशी उभा होता. म्हणाला, "आपल्याला फसवलं तिनं."

"फसवलं नाही, घाबरली असेल," मी म्हटलं. हे मीच म्हटलं. लिहून ठेवते.

जाहिरात बंद. तिच्या पाठीशी उभं राहून काही म्हणायचं का, यावर दहा मिनिटं बोलणं झालं. मग सर्वानुमते काही म्हणायचं नाही असं ठरलं. तिला फोन कोण करणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, जमणार नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

टेरिन स्वतःच आली. शाळेनं तिला 'थोडे दिवस विश्रांती' दिली आहे. आयांनी तक्रारी केल्या म्हणे, हिच्या हातचं आमची मुलं खाणार नाहीत. सासूनं टेरिनचे फोटो भिंतीवरून काढले, तेव्हा नवरा आईशी कडाकडा भांडला.

ती माझ्या स्वयंपाकघरात त्याच खुर्चीत बसली. "शॉनानं केलं. तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं."

मी चहाचं पाणी ठेवत होते.

"तुम्हालाही माहीत होतं," ती म्हणाली, "पण तुम्ही कशाला कराल? तुम्ही तर माझ्या बाजूच्या." मग ओंजळीत तोंड घालून रडली. शॉना आणि ती एका घरात वाढल्या. आई दारू प्यायची तेव्हा शॉनानं हिला अंघोळ घातली, शाळेत सोडलं. परवा टेरिन तिच्या दारात जाऊन ओरडून आली की मेलीस तरी मी येणार नाही.

"ती कबूल करत नाही. म्हणते, माझ्या मुलांची शपथ. मुलांची खोटी शपथ घेते, मिसेस थोर्सन!"

मी तिच्या पाठीवर हात फिरवला. सांगणार होते. पण ती इतकी कोसळलेली होती की अजून एक धक्का द्यावासा वाटला नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

वेन घरी आला! स्वतः. लाइल मासेमारीचं सामान आणायला गेला होता तेव्हा. मी हात पुसत दार उघडलं, आणि अठ्ठावीस वर्षांनी त्यानं ते बोलायला तोंड उघडलं.

"आर्लिस, ते तुझं मॅडिसनचं. ते आपल्याला आता वापरता येईल का?"

तो थकलेला होता, शब्द नीट सुचत नव्हते त्याला. पुढे म्हणाला, "तुला काढून ठेवण्यासारखं दुसरं काही नाही ना? नाहीतर परत त्या पोरीसारखं व्हायचं."

"नाही. एकच."

"छान. मुलगा होता ना?"

"मुलगी."

"हां हां, मुलगी." त्यानं फोनवर टिपून घेतलं.

इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवेल? आणि त्याच्यावर ताण किती आहे. महत्त्वाचं हे, की शेवटी माझ्याकडेच आला. मॅलरीला पाठवलं नाही.

आता लाइलला सांगावं लागेल.

रविवार, ६ ऑक्टोबर

सांगितलं. चर्चहून आल्यावर, शेडमध्ये. तो इंजिनाला तेल घालत होता. मी पाठ करून गेले होते, तसं सगळं म्हटलं.

त्यानं तेलाचा डबा बंद केला. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बोट बंद झाल्यावर डिसेंबरात घरी आलो ना. तू ऑफिसात होतीस. हॉस्पिटलमधून फोन आला, बाई ठीक आहेत का विचारायला. नर्स बोलून गेली. तिला वाटलं, मीच तुला घेऊन आलो होतो. म्हणाली, तुम्ही मिस्टर थोर्सन ना, ते बाहेर गाडीत बसले होते ते?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

अठ्ठावीस वर्षं! मला रागच आला. म्हटलं, असं कुणी थांबतं का?

तो म्हणाला, "तू त्याला सांगितलंस. मला नाही. रोज सकाळी तू नटूनथटून त्याच्याकडे जायचीस आणि मला वाटायचं, माझ्या मुलीबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे." मग म्हणाला, "कशी होती? हात कसे होते?"

मी म्हटलं, "मी पाहिलं नाही. त्या विचारत होत्या, बघायचं का. पण वेनची सहाला बैठक होती."

तो बाहेर जाऊन बोटीवर बसला. बोट जमिनीवरच आहे, गाड्यावर चढवलेली. जेवायलाही आला नाही. त्याला वेनचा कसला हेवा, मला कळत नाही. मी कधी काही केलेलं नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

माझी जाहिरात निघाली. खुर्ची, खिडकी, मागे फुलदाणी. अकरा वेळा सांगायला लावलं. मॅलरी सारखी म्हणत होती, "आर्लिस, जरा कमी नेटकं. तुम्ही भाषण दिल्यासारखं सांगताय." मी तीस वर्षं भाषणंच लिहिली.

आठव्या वेळी मला खरंच रडू आलं. नेमका तेव्हा आवाजवाल्याच्या माइकचा पट्टा सुटला होता.

वेन आला नाही. शहराकडे काहीतरी होतं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

जाहिरात लागणार नाही. त्या नव्या घरांतल्या बायकांना दाखवून पाहिली म्हणे. त्यांच्यावर 'परिणाम होत नाही'. मॅलरीनं माझ्या दंडाला हात लावून सांगितलं. "त्यांना तुमच्यात स्वतःचं रूप दिसत नाही. वयाचा प्रश्न आहे, तुमचा नाही."

वय कुणाचं मग?

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

काल जाहीर वाद झाला, हायस्कूलच्या सभागृहात. सहाशे माणसं. विरोधी उमेदवार बाई डॉक्टर आहे. तिनं सरळ विचारलं, "मिस्टर ऑस्टबी, चोवीस वर्षं एक म्हणालात, आता दुसरं म्हणता. नकाशा बदलला म्हणून?"

वेन गप्प झाला. खाली पाहिलं. मी ओळखते ती त्याची गप्प राहण्याची पद्धत. तीन मोजतो.

"एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही," तो म्हणाला. "फार वर्षांपूर्वी एका तरुण मुलीला मी मॅडिसनला नेलं होतं. नवरा दूर होता, तिला कुणी नव्हतं. मी रात्रभर तिच्या उशाशी बसलो. तिचा हात सोडला नाही. ती म्हणाली, वेन, मला न्याय देणारं कुणी नाही का? तो हात मी आजही विसरलेलो नाही. त्या हातानं माझं मत बदललं."

सभागृह उठून उभं राहिलं. मॅलरी भिंतीला टेकून डोळे पुसत होती. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "कोण असेल गं ती?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

त्या दिवशी मॅडिसनला तो गाडीत बसून रेडिओवर सामना ऐकत होता. मी बाहेर आले तेव्हा त्यानं हात वर केला, एक मिनिट थांब, शेवटचा डाव चाललाय. आणि न्यायाचं वगैरे मी काहीच म्हटलं नव्हतं. मला उलटी होईल का, एवढंच विचारलं होतं.

पण गंमत सांगते. मला रागाआधी हेवा वाटला. ज्या मुलीचा हात त्यानं रात्रभर सोडला नाही, त्या मुलीचा. ती कोण होती? तिला काय मिळालं सगळं!

बुधवार, ६ नोव्हेंबर

जिंकलो. आठशे एकोणचाळीस मतांनी. हॉटेलात चीज, सॉसेज, फुगे. वेननं मंचावरून मॅलरीचे आभार मानले, बायकोचे मानले, देवाचे मानले, आणि 'त्या अनाम मुलीचे' मानले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सवय.

लाइल आला नव्हता.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

मॅलरी गेली. खुर्ची माझी मला परत मिळाली. तिनं उंची बदलून ठेवली आहे.

वेन आत येऊन टेबलाच्या कडेवर बसला, पूर्वी बसायचा तसा. "आर्लिस, पक्षाच्या गटनेतेपदासाठी माझं नाव चाललंय. बॉनीच्या लोकांचा शब्द तिथे चालतो. त्यांना एक पत्र हवं. माझ्या मूळ श्रद्धेत फरक पडलेला नाही, निवडणुकीत काही गोष्टी संदर्भ सोडून दाखवल्या गेल्या, असं काहीतरी. त्या पोरीच्या अनुभवानं आपण सगळेच सावध झालो, असंही एक वाक्य. नाव नको." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हे तुझ्याइतकं चांगलं कुणाला जमणार नाही."

मी बसले आणि लिहायला घेतलं. भरभर आलं. तीन परिच्छेद असे उतरले की एक शब्द हलवावा लागला नाही. सन दोन हजारच्या पत्रापेक्षा सरस. मी मनातल्या मनात म्हटलं, बघ मॅलरी, असं असतं.

मग ते 'पोरीच्या अनुभवानं' वाक्य आलं. चार प्रकारे लिहून पाहिलं. चारही चांगली होती. चौथं वाचताना पुढे काय होणार ते दिसलं. बॉनी ते मोठ्यानं वाचेल, रेडिओवाला वाचेल, शॉना ऐकेल, आणि शॉनालाच वाटेल की आपण कधीतरी झोपेत बडबडलो असू. एवढं चांगलं लिहिता येतं मला.

पत्र तसंच पडद्यावर ठेवून घरी आले. वेनचे सहा फोन आले. लाइल म्हणाला, "उचल की." मी म्हटलं, "नाही." त्यानं माझ्या पुढ्यात सूप ठेवलं.

मग त्याला सगळं सांगितलं. कोटाचे हँगर, डुलूथ, सगळं. 'निसटलं' हा शब्द वापरणार होते. त्याच्या तोंडाकडे पाहून नाही वापरला.

"मुद्दाम?" त्यानं विचारलं.

"हो."

गुरुवार, १४ नोव्हेंबर

टेरिनला शाळेत परत घेतलंय, पण वाढायच्या खिडकीवर नाही, मागे भांड्यांना. मी मागच्या दारानं गेले. ती रबरी हातमोजे घालून कढई घासत होती, केसांना जाळी. मला पाहून हसली. "मिसेस थोर्सन! बसा ना, पेटीवर बसा."

मी उभ्यानंच सांगितलं. शॉनानं नाही, मी सांगितलं. बॉनीला. विक्रीच्या दिवशी.

नळ चालू होता. ती म्हणाली, "काय?" मला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, आणि या वेळी मोठ्यानं.

तिनं नळ बंद केला. "का?"

मी वाटेत उत्तर तयार केलं होतं. शहाण्णव साल, मॅडिसन. ते ऐकून ती मला माफ करेल असं ते रचलं होतं, आणि ते चांगलं रचलं होतं म्हणूनच सोडून दिलं. म्हटलं, "त्यानं तुझा हात धरला होता."

"कुणी?"

"वेननं."

ती माझ्याकडे बघत राहिली. वेड्या माणसाकडे बघतात तशी. मग म्हणाली, "त्या माणसाचे हात घामट होते. मला पुसावेसे वाटत होते."

तिनं हातमोजे उपटून काढले. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं एप्रनच्या खिशातून फोन काढला, एक नंबर काढला आणि फोन माझ्या हातात दिला.

"शॉना माझा फोन उचलत नाही. सहा आठवडे झाले. आज कदाचित उचलेल. उचलला तर मी बोलणार नाही, तुम्ही बोलायचं. इथे, माझ्यासमोर. आणि रडायचं नाही."

खूप वेळ वाजत राहिला. मला वाटत होतं, न उचलो. टेरिन ओठ मुठीवर दाबून उभी होती. मग पलीकडून एक दमलेला, चिडलेला आवाज आला, "आता काय राहिलंय बोलायचं, टेरिन?"

मी म्हटलं, "टेरिन नाही. माझं नाव आर्लिस थोर्सन. तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही काहीही केलेलं नाही."